तिला कमी काय होतं?

वाचनकट्ट्याला जायचंय आणि पुस्तक वाचून झालं नाही? मुळीच घाबरू नका. पुस्तक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं असेल आणि त्यातली बाई स्वतःबद्दल विचार करायला लागली असेल, तर न वाचताच जास्त रंगून बोलता येतं. परवाच्या रविवारी आमच्याकडे केट शोपाँच्या ‘द अवेकनिंग’वर चर्चा झाली. अमेरिकेतली कादंबरी, १८९९ सालची. तिथे जे ऐकलं ते एकटीनंच पोटात ठेवणं बरं नाही, म्हणून होतकरू वक्त्यांसाठी हे थोडं मार्गदर्शन.

सुरुवात ‘पण तिला कमी काय होतं?’ इथूनच करावी. चहा यायच्या आत म्हणून घ्यावं, नाहीतर शेजारचा म्हणून मोकळा होतो. एडना पाँटेलिए ही २८ वर्षांची बाई. नवरा न्यू ऑर्लिन्समधला पैसेवाला गृहस्थ, दोन मुलगे, त्यांना सांभाळायला दाई, घरात नोकरचाकर, उन्हाळ्यात ग्रँड आईलला समुद्रकाठी मुक्काम. एवढं असताना ही पोहायला काय शिकते, चित्रं काय काढते, मंगळवारी रीतसर भेटायला येणाऱ्या बायकांना दारातून परत पाठवून स्वतः फिरायला काय जाते! हे सगळं खुर्चीत मागे रेलून म्हणावं. उत्तराची वाट बघू नये.

पाठोपाठ नवऱ्याची बाजू घ्यावी, कारण ती घेणारं दुसरं कोणी नसतं (आमच्याकडे सातजण होते, पण ते असो). लिआँस पाँटेलिए हा सज्जन माणूस आहे. रात्री उशिरा हॉटेलातून परत येतो, बायको झोपलेली असते, तिला उठवून दिवसभराच्या गमतीजमती सांगतो. ती पेंगत ‘हं हं’ करते तर बिचाऱ्याचा हिरमोड होतो. मग तो मुलांच्या खोलीत डोकावून येतो आणि जाहीर करतो की थोरल्याला ताप भरलाय. ती म्हणते, ताप नाही, दिवसभर चांगला होता. तो म्हणतो, मुलांकडे बघणं आईचं काम नाही तर कोणाचं? मी धंदा बघू की घर बघू? ती उठून मुलाला बघून येते. तोवर साहेबांचा सिगार संपतो, अर्ध्या मिनिटात ते गाढ झोपतात. आणि ही ओसरीवर झुलत्या खुर्चीत बसून रडत राहते. कशासाठी रडतेय ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. थोड्याच दिवसांत शहरातून नवरा खाऊचा मोठा खोका पाठवतो. फळं, मिठाया, बाटल्या. तो सगळ्या बायकांत वाटला जातो, आणि बायका एकमुखानं म्हणतात, असा नवरा जगात शोधून सापडायचा नाही. एडनालाही ते कबूल करावं लागतं.

आता गंमत बघा. आमच्याकडचे एक काका अगदी हेच म्हणाले. ‘खाऊ पाठवतो, पैसे देतो, मारत नाही, अजून काय करायचं त्यानं?’ लेखिकेनं ज्या वाक्याची टोपी उडवलीय ते वाक्य काकांनी गंभीरपणे, हातवारे करून म्हटलं. टाळ्या पडल्या! काकांनी पुस्तक उघडलेलंच नव्हतं, पूर्वपीठिका कोणाच्या तरी फॉरवर्डमधून आलेली.

‘पाश्चात्य संस्कृती’ हे दोन शब्द खिशात तयार असावेत.

लेखिकेचं आडनाव उच्चारता आलं नाही तर ‘ती बाई’ म्हणावं.

यानंतर हुकमाचं पान: ‘मुलांचं काय?’ हे कधीच वाया जात नाही. नॉर्वेचा नाटककार इब्सेन याच्या ‘अ डॉल्स हाउस’ नाटकातली नोरा १८७९ मध्ये दार ओढून घेऊन घराबाहेर पडली, तेव्हा जर्मनीतल्या एका नामवंत नटीनं सांगितलं की मी माझी मुलं टाकून कधी जाणार नाही, सबब हा शेवट करणार नाही. शेवटी इब्सेनला स्वतःच्या हातानं दुसरा शेवट लिहून द्यावा लागला: नवरा तिला झोपलेल्या मुलांच्या दाराशी नेतो आणि ती तिथेच कोसळते. या शेवटाला खुद्द इब्सेननं रानटी अत्याचार म्हटलं होतं. पण आपल्याला काय, मुलं तर वाचली! एक पथ्य मात्र पाळावं, हा प्रश्न बापाला विचारू नये. लिआँस धंद्यासाठी न्यू यॉर्कला जाऊन राहतो आणि मुलं आजीकडे पोचवली जातात. त्याला कोणी विचारतं का, मुलांचं काय म्हणून? तो कामाला गेलाय. एडना मोठं घर सोडून कोपऱ्यावरच्या छोट्या घरात राहायला गेल्यावर तर हा पठ्ठ्या वर्तमानपत्रात छापून आणतो की आमच्या घराचं नूतनीकरण चाललंय, म्हणून मुक्काम हलवलाय. लोक काय म्हणतील याची काळजी त्याला लगेच लागते. बायको का गेली, हा प्रश्न मात्र त्याला पडत नाही. कट्ट्यावर यातलं कोणाला काही खटकलं नाही. घराचं नाव राखलं म्हणून उलट कौतुकच झालं.

पुस्तक निघालं तेव्हाही परीक्षकांनी त्याला विषारी आणि रोगट ठरवलं होतं. शोपाँबाईंनी त्याच वर्षी साळसूदपणे उत्तर छापलं: ही बाई असा घोळ घालून ठेवेल याची मला कल्पनाच नव्हती, आधी सुगावा लागता तर तिला मंडळीतून वगळलीच असती. कट्ट्यावर हे मी वाचून दाखवलं, तर एक मॅडम म्हणाल्या, ‘बघा, लेखिकेला स्वतःलाही पटलं नव्हतं.’

काय बोलणार?

आणि समारोपाला, मंडळी, हरिभाऊ आपट्यांची यमू. हे विसरलात तर सगळी मेहनत पाण्यात. डोळ्यांत पाणी आणून म्हणायचं, ‘आपली यमू बघा. सोसलं, पण कधी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.’ काढलं नाही? अहो, ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही पूर्ण कादंबरी यमूनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेली आहे! १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून येत होती. पानंच्या पानं ती सांगतेय: बापानं काय केलं, सासरी काय झालं, मुंबईत नवऱ्याबरोबर चार दिवस कसे मोकळे गेले, तो गेल्यावर तिला धरून तिचं केशवपन कसं केलं, दुर्गीच्या वाट्याला कसला नवरा आला. हे अवाक्षर नाही तर काय आहे? पण यमू चालते. ती मरते आणि मरेपर्यंत कोणाचं काही ओढून घेत नाही, म्हणून चालते. तिच्यासाठी हळहळायचं, ‘त्या काळी होतं हो असं’ म्हणायचं आणि घरी जाऊन जेवायचं. एडना चालत नाही, कारण तिला काहीतरी हवं आहे. एडनाही मरते, स्वतः समुद्रात शिरून मरते, तरी आपण तिला सोडत नाही.

‘त्या काळच्या आपल्या बायका असला विचार करत नसत’ हे तर ठणकावून सांगितलं गेलं. कोणी सांगितलं तुम्हाला? १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून विचारलं की बायकांना लावता ते दोष पुरुषांत नाहीत का. त्यात त्यांनी तेव्हाच्या ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’सारख्या कादंबऱ्यांचाही समाचार घेतला. १८८७ मध्ये मुंबईच्या हायकोर्टानं रखमाबाईंना बजावलं, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. ‘केसरी’ त्यांच्यावर तुटून पडला. हे सगळं यमूच्या आधीचं आहे आणि आपल्या गल्लीतलं आहे. बोस्टनचं नाही, पॅरिसचं नाही!

आता मार्गदर्शन पुरे. मला राग आलाय आणि तो लपवायचा कंटाळा आलाय. तुम्ही नीट शिकलेली माणसं आहात, तुमच्या मुली परदेशात नोकऱ्या करतात, आणि कादंबरीतली बाई एक दुपार एकटी फिरायला गेली तर तुम्ही तिच्यावर खटला भरता? परवा माझ्या शेजारी बसलेली एक तरुण मुलगी, बहुधा पहिल्यांदाच आलेली, पुस्तकात पेन्सिलनं खुणा करून आली होती. तिनं दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा तुम्ही तिला ‘लग्न झालं की कळेल’ म्हणून गप्प केलंत. तिनं वाचलं होतं. तुम्ही नव्हतं. लाज वाटायला हवी.

पुढच्या महिन्यात इंग्रज लेखक थॉमस हार्डीची ‘टेस’ ही कादंबरी आहे. १८९१ मध्ये साप्ताहिकात छापताना संपादकांना नायकानं गवळणींना हातांवर उचलून पाणी ओलांडणंसुद्धा सोसलं नाही, त्यांना ढकलगाडीत बसवायला लावलं. तेव्हा पुस्तकाची प्रत मिळवा, पुस्तकातली वाचा आणि शेवटापर्यंत वाचा. वाचलं नसेल तर चहा घ्या, बिस्किटं खा आणि गप्प बसा. आणि टेसच्या वाट्याला जे आलं त्यात तिचा दोष किती, यावर कृपा करून हात वर करायला लावू नका.