प्लेबुक, बाबा आणि मोटरचा ऑटो

आमच्या गावात परीक्षा म्हणजे एकतर तलाठी नाहीतर पोलीस भरती, तिसरी कोणाले माहीतच नाही. त्यामुळे लॅपटॉप उघडला की प्रश्न ठरलेला, "कायचा पेपर आहे बे तुहा?" सायबर सिक्युरिटी ऑटोमेशनचा. "सरकारी नाही? मंग कायले झोप खराब करतं!" विषय संपला.

तसं पाहिलं तर प्लेबुक, म्हणजे सायबर धोका दिसला की कॉम्प्युटरनं आपोआप काय काय करायचं त्याची यादी, सोपं आहे. कोणी संशयास्पद मेल कळवला की ते आपोआप सुरू होतं, लिंक, पाठवणाऱ्याचा आयपी (नेटवरचा पत्ता), फाईलचा हॅश (तिच्या बोटाचा ठसाच समजा) काढतं, बदनाम आहेत का तपासतं, असले तर फायरवॉलवर ब्लॉक, नसले तर केस बंद, आणि समजतच नसेल तर माणसाला विचारायला थांबतं. पण मॉक टेस्टमध्ये चारही पर्याय बरोबर वाटतात राजेहो! त्यात पालो आल्टो कंपनीनं 2019 मध्ये प्लेबुक चालवणारं डेमिस्टो विकत घेतलं आणि पुढं त्याचं नाव एक्ससोअर केलं, म्हणून जुन्या व्हिडिओत एक नाव, नव्यात दुसरं, मी आपला दोन्ही पाठ करतोय.

घरी रेंज नाही, विहिरीवर दोन काड्या येतात. शेतीची लाईन या हप्त्यात रात्रीची, म्हणून बाबा ओलिताला आणि मी ऑनलाईन लॅबला, दोघंही विहिरीवर. बाबांनी विचारलं, मी सगळं समजावलं. ते बिडी विझवत म्हणाले, "म्हंजे मोटरचा ऑटोच ना बे. लाईन आली का मोटर आपोआप चालू."

"हो, तसंच."

"अन् विहिरीत पाणी नसन तं? कोरडी चालून जळते ना मोटर. सगळ्याईच्या मोटरी एकाच टायमाले उचलतात अन् डीपी बसते ते येगळंच. म्हून मी ऑटो काढून टाकला. लाईन आली का पाणी पाहाचं, मंगच बटन दाबाचं."

मी गपचूप मॉकचा अडलेला प्रश्न काढला: प्लेबुकनं कंपनीच्याच मेल सर्वरचा आयपी ब्लॉक करू नये म्हणून काय कराल? ब्लॉकच्या आधी मॅन्युअल अप्रूव्हल. टिक केलं, बरोबर निघालं. सातवी शिकलेल्या माणसाकडून शिकवणी, तीही फुकट.

तेवढ्यात बांधावरून शेजारचे काका आले, "तू सायबरवाला ना, माह्या मोबाईलवर केवायसीची लिंक आली, पाय बरं." मी घाबरून विचारलं, "काका, दाबली का?"

"दाबली ना बाप्पा, लय डाव दाबली. रेंजच नाही घरी."