लेलांग डचांचा नव्हे

आज एका व्याख्यानात वक्त्यांनी ठामपणे सांगितले की इंडोनेशियाची भाषा म्हणजे डचांनी मागे टाकलेल्या शब्दांचे गाठोडे आहे, आणि उदाहरण म्हणून ‘लेलांग’ हा शब्द दिला. सभागृहात कोणी हूं की चूं केले नाही, याचा मला अधिक राग आला.

लेलांग म्हणजे लिलाव. डच माणूस लिलावाला ‘फेइलिंग’ म्हणतो. लेलांग आला तो पोर्तुगीजांच्या ‘लेइलांव’पासून, आणि आपला लिलावही तिथलाच. काही वर्षांपूर्वी जावाच्या उत्तर किनाऱ्यावर, पेकालोंगानच्या मासळी बंदरात, मी ‘तेम्पात पेलेलांगान इकान’ अशी पाटी पाहिली. इकान म्हणजे मासे, एवढेच सोबतच्या बाईंनी सांगितले. बाकीचे टोपल्यांभोवतीचे कोंडाळे आणि बोली पुकारणारा माणूस पाहूनच कळले, कारण रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात मी लहानपणापासून तेच पाहत आले आहे.

पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतले आणि पुढच्याच वर्षी मलाया द्वीपकल्पावरचे मलाक्का बंदर. हे शब्द तोफांच्या मागोमाग आले, हे नाकारता येणार नाही. परंतु १६४१ मध्ये डचांनी मलाक्का जिंकल्यावरही पोर्तुगीज बोली सरली नाही. बटाव्हियात, म्हणजे डचांच्या काळातल्या जकार्तात, गुलामीतून सुटलेले जे ख्रिस्ती लोक ती बोलत, त्यांतले कित्येक भारताच्या किनाऱ्यांवरून नेलेले होते. त्यांच्यासाठी १६९५ मध्ये पुरे झालेले चर्च जकार्तात आजही उभे आहे. ज्यांना धरून नेले, विकले, त्यांच्या तोंडी ही भाषा टिकली, आणि आम्ही तिचे श्रेय सहजपणे डचांना देऊन मोकळे होतो!

‘कांतोर’ म्हणजे कचेरी आणि ‘हांदुक’ म्हणजे टॉवेल हे शब्द डचांचेच, आणि लिलावाचा मूळ कायदाही त्यांच्याच अमदानीतला, १९०८ चा, एवढे मान्य. तरीही कायदा करणाऱ्यांचा शब्द बाजूला राहिला आणि बंदरावरचा लेलांग टिकला. पेकालोंगानच्या त्या पाटीवर त्याच्या पुढे ‘पे’ आणि मागे ‘आन’ लागले होते, म्हणजे इंडोनेशियन व्याकरणाने त्याला पुरते आपल्यात घेतले होते. अशा शब्दाला उसना म्हणून हिणवणाऱ्यांनी आपल्या घरातली चावी, पगार आणि बटाटा आठवून पाहावा.

वक्ते वयाने मोठे आहेत, अभ्यासूही असतील, म्हणून आज सभेत मी गप्प बसले. त्यांचे पुढचे व्याख्यान याच विषयावर आहे. तिथे मी उभी राहून हे सगळे त्यांच्यासमोर मांडणार आहे.