रात्रीच्या रस्त्यावर मोठी बॅग कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

रात्री रस्त्यावर फोटो काढायला एक सेकंडहँड एपीएस-सी (छोट्या सेन्सरचा) कॅमेरा आणि एक प्राइम (झूम न होणारी) लेन्स पुरते, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की छोट्या सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, रात्री नुसता नॉइज (दाणेदारपणा) येतो, मोठ्या सेन्सरचा फुलफ्रेम कॅमेरा आणि एफ २.८ झूमला (एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त) पर्याय नाही, आणि ट्रायपॉडचं नावही न घेता मी नवशिक्यांची दिशाभूल करतोय. हा शेवटचा शब्द मला लागला, कारण मी लिहितो ते नवशिक्यांसाठीच. म्हणून थोडं सविस्तर.

फुलफ्रेम चांगलाच, त्यात वाद नाही. त्याच्या सेन्सरचं क्षेत्रफळ एपीएस-सीच्या साधारण सव्वादोन पट, म्हणजे एका स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) थोडा जास्त फायदा. पण तुम्ही त्याला लावता एफ २.८ची झूम आणि मी लावतो ३५ मिमी एफ १.८. एफ १.८ला एफ २.८च्या जवळजवळ अडीच पट प्रकाश सेन्सरवर पडतो. झाली की बरोबरी! फुलफ्रेमला तुम्ही एफ १.८ची प्राइम लावलीत तर पुढे जाल, हे मान्य. पण तुम्ही सुचवलेला संच तो नाही. नॉइजचा दोष बऱ्याचदा छोट्या सेन्सरचा नसतोच, कॅमेऱ्याबरोबर आलेल्या किट लेन्सचा असतो. ती झूम केली की एफ ५.६वर येते आणि मग आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, कुठल्या कुठे चढवावा लागतो आणि नॉइज येतो.

आता वजन बघा. तुम्ही सांगितलेला सोनी ए७ थ्री बॅटरीसकट ६५० ग्रॅम, त्यावरची २४-७० जीएम झूम (पहिली आवृत्ती) ८८६ ग्रॅम. दीड किलोच्या वर गेलं. माझा निकॉन डी३५०० बॅटरी-कार्ड धरून ४१५ ग्रॅम, लेन्स २०० ग्रॅम. तुमच्या एकट्या लेन्सच्या किमतीत माझा अख्खा संच येऊन वर पैसे उरतात. नव्याने हात घालणाऱ्या पोराला हा फरक छोटा नाही.

पण माझा खरा मुद्दा वजनाचाही नाही, माणसांचा आहे. पणजीत मळा-फोंतेन्हासच्या गल्ल्यांत फोटो काढणाऱ्यांना लोक किती कंटाळलेत, हे तुम्हालाही माहीत असेल. काही घरांवर तर फोटो काढू नका अशा पाट्याच आहेत. तिथे मोठी झूम आणि पाठीवर बॅग घेऊन उभं राहिलात की शूटिंगवाले आले असंच वाटतं. आमच्या गोव्यातल्या रस ऑम्लेटच्या गाड्याचं घ्या. वर टांगलेला एकच दिवा, तव्यावर ऑम्लेट उलटतंय, वर शागोतीचा, म्हणजे मसालेदार चिकनचा, रस पडतो आणि वाफ दिव्यापर्यंत चढते. कापलेला कांदा, लिंबू, बाजूला पाव. मी आधी खातो, गाडेवाल्याशी दोन शब्द बोलतो, विचारतो आणि मग खांद्यावरचा छोटा कॅमेरा काढतो. एफ २.२, शटर १/१२५ सेकंद, आयएसओ १६०० ते ३२००, एक्स्पोजर एक स्टॉप खाली, नाहीतर दिवा जळून पांढरा गोळा होतो. त्याचे हात थांबत नाहीत, गिऱ्हाइकं वळून बघत नाहीत. मला हवं असतं ते एवढंच.

ट्रायपॉडचं नाव मी मुद्दामच घेतलं नाही. ट्रायपॉड कॅमेऱ्याची थरथर थांबवतो, समोरचा माणूस थांबवत नाही. मांडवीच्या पाण्यातली कॅसिनोंची प्रतिबिंबं काढायची असतील तर तो जरूर न्या. पण नरकासुराच्या रात्री, दिवाळीच्या आदल्या दिवशी, वाड्यावाड्यावर नरकासुराचा पुतळा उभारायला पोरं जमलेली असतात. एक जण पुतळ्याच्या बोटांना कागदाची नखं चिकटवतोय, दुसरा शिडीवरून मुकुट सारखा करतोय, स्पीकरच्या दणक्याने रस्ता हादरतोय. तिथे तीन पाय पसरायला जागा कुठली? पहाटे पुतळा जाळेपर्यंत हे चालतं, आणि तेवढा वेळ गळ्यात दीड किलो घेऊन चालणं नवशिक्याला जड जातं. मान दुखली की माणूस कॅमेरा बॅगेत टाकतो, आणि जाळायच्या वेळेपर्यंत घरी गेलेला असतो.

याच रात्री आणखी एक अडचण येते, तिला महाग कॅमेरासुद्धा आपोआप उत्तर देत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, पण शटर १/५००वर नेलंत की फोटोवर आडवे पट्टे येऊ शकतात. सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटरवर तर हा त्रास जास्तच होतो. १/१०० किंवा १/५० ठेवा, बहुतेक वेळा पट्टे जातात. आणि फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, कारण एका चौकटीत पिवळे, पांढरे, जांभळे असे सगळेच दिवे असतात. रंग घरी येऊन डार्कटेबल या सॉफ्टवेअरमध्ये सुधारता येतात, तेही फुकट.

तुम्ही विचारलंय की सेकंडहँड माल फसवा निघाला तर जबाबदार कोण. प्रश्न रास्त आहे, गोव्यात तर जास्तच. इथल्या दमट हवेत लेन्सला बुरशी लागते. डी३५००चं उत्पादन थांबलंय, तेव्हा जुनाच घ्यावा लागणार. मग घेताना लेन्स कॅमेऱ्यावरून काढा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका. शटर काउंट, म्हणजे कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढलेत ते, विचारा. आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते बदला किंवा तापवून सुकवा. पावसाळ्यात एसी गाडीतून थेट बाहेर उतरलात तर काचेवर वाफ धरते. ती पुसत बसू नका, कॅमेरा बॅगेतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्या, मग काढा.