सरासरी सारखी, साथ वेगळी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. साथ रोखायची तर संपर्कांचं जाळं, म्हणजे कोण कुणाच्या संपर्कात येतो ते, शोधावं या माझ्या म्हणण्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: एक रोगी सरासरी किती जणांना लागण करतो, तो 'आर'चा आकडा हाती असला की पुरे, लोकलच्या डब्यात सगळेच एकमेकांना खेटून उभे असतात, तिथे संपर्कांचं जाळं शोधत बसण्यात अर्थ नाही. लोकलचा मुद्दा मला निम्मा पटतो, त्यावर पुढे येतो. पण नुसत्या सरासरीवर भिस्त ठेवणं धोक्याचं आहे. कागद-पेन घेऊन स्वतःच पडताळा.

१०,००० वस्तीची दोन गावं घ्या. पहिल्यात प्रत्येकाचा १० जणांशी संपर्क. दुसऱ्यात ९,००० लोकांचा प्रत्येकी ५ जणांशी आणि १,००० जणांचा (वाणी, कंडक्टर, दवाखान्यातल्या नर्स) प्रत्येकी ५५ जणांशी. संपर्कांची सरासरी दोन्हीकडे १०च. एका संपर्कातून लागण होण्याची शक्यता १० टक्के धरू. पहिल्या गावात ज्याच्याकडून रोग आला तो सोडून ९ जण उरतात, म्हणजे पुढे सरासरी ०.९ लागण. एकापेक्षा कमी, म्हणून साथ विझते. दुसऱ्या गावात मात्र एकूण १ लाख संपर्कांपैकी ५५,००० त्या हजार जणांच्या वाट्याला आहेत. त्यामुळे रोग पुढच्या माणसाकडे गेला, की १०० पैकी ५५ वेळा तो त्यांच्यातल्याच कुणाला तरी गाठतो, आणि त्याच्यापुढे आणखी ५४ जण असतात. ०.५५ गुणिले ५४ अधिक ०.४५ गुणिले ४, म्हणजे ३१.५. त्याचे १० टक्के ३.१५. साथ भडकते.

आता पूर्ण परिणामकारक लसीच्या १,००० मात्रा आल्या. येईल त्याला टोचल्या तर ३.१५ चे जेमतेम २.८ होतात, अशा पद्धतीने साथ थांबवायला ६,८०० हून जास्त मात्रा लागतील. त्याच १,००० मात्रा त्या हजार जणांना दिल्या तर आकडा ०.१८ वर येतो.

'हे हजार जण ओळखायचे कसे?' हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. कोहेन, हावलिन आणि बेन-अव्राहम या संशोधकांनी २००३ मध्ये सुचवलेला उपाय असा: कुणालाही गाठा, त्याच्या ओळखीच्या एकाचं नाव विचारा आणि लस त्या दुसऱ्याला द्या. वरच्या दुसऱ्या गावात सरसकट निवडीत १०० मागे त्या हजारातले १० जण सापडतात, या पद्धतीने ५५. फसतं ते एका ठिकाणी: लोक पटकन घरच्यांचंच नाव सांगतात. म्हणून प्रश्न 'घराबाहेरचा कोण?' असाच हवा.

आणि हे कागदापुरतं नाही. तमिळनाडू आणि आंध्र प्रदेशातल्या कोविडच्या २०२० मधल्या अभ्यासात ७१ टक्के रोग्यांच्या एकाही संपर्काला लागण झाल्याचं आढळलं नाही. ६० टक्के नव्या लागणी अवघ्या ८ टक्के रोग्यांकडून झाल्या होत्या. दक्षिण कोरियात २०१५ मध्ये मर्सचे (श्वसनाचा एक विषाणूजन्य रोग) १८६ रोगी झाले, त्यातले ८० च्या वर एकाच रुग्णाकडून, तेही बहुतांशी एका आपत्कालीन विभागात.

म्हणूनच रोगी सापडला की नुसतं पुढे न बघता मागेही जावं लागतं. त्याने कुणाला रोग दिला यापेक्षा त्याला तो कुठून मिळाला हे शोधलं तर एकाच ठिकाणी लागण झालेल्यांचा मोठा झुबका हाती लागण्याची शक्यता जास्त. कोविडमध्ये पुढचा शोध लक्षणांच्या २ दिवस आधीपासून घेत. मागचा १४ दिवसांपर्यंत न्यावा लागे. 'कुणाला भेटलात?' असं विचारलं की यादी घरातच संपते. जागा विचारा: लग्नाचा हॉल, भजन, जिम, ऑफिसचं कँटीन, खिडक्या बंद होत्या का, किती वेळ बसलात.

आता लोकल. गोवराचा विषाणू बंद जागेत हवेत २ तासांपर्यंत टिकतो. अशा रोगासाठी गच्च डबा म्हणजे जवळपास प्रत्येकाचा प्रत्येकाशी संपर्क, आणि तिथे तुमची सरासरी बरीचशी चालते. पण त्याच डब्यातून एचआयव्ही पसरत नाही. त्याचं जाळं वेगळं, अतिशय विरळ. माणसं तीच असली तरी रोगागणिक जाळं नव्याने आखावं लागतं.

माझ्या हिशेबातली खरी कच्ची बाजू तुमच्या नजरेतून सुटली. मी धरलं की प्रत्येक संपर्क नव्या माणसाकडे नेतो. चाळीत तसं नसतं; माझे शेजारी तुमचेही शेजारीच. रोग त्याच त्या लोकांभोवती फिरतो, म्हणून ३.१५ हा आकडा प्रत्यक्षात कमी भरेल. मात्र त्या चाळीतला एक जण रोज पहाटे भाजी आणायला घाऊक मंडईत जात असेल, तर लसीची पहिली मात्रा मी त्याला देईन.