अलप्पट केसचा निकाल असा नव्हता

'1994 ला अमेरिकन कोर्टाने ऑसिलोस्कोपच्या केसमधे सांगितलं की प्रोग्राम टाकला की कॉम्प्युटर नवीन मशीन होतो, म्हणून कुठल्याही सॉफ्टवेअरला पेटंट मिळतं, भारतातही.' हा मेसेज मला तीन ग्रुपवर आलाय. ओळखीतला एक मुलगा तो वाचून हिशोबाच्या अ‍ॅपच्या पेटंटसाठी एजंटला पैसे द्यायला निघाला होता, म्हणून लिहितोय.

मुळात तिथे, म्हणजे ऑसिलोस्कोपच्या त्या अलप्पट केसमधे, नुसता प्रोग्राम नव्हताच. डिजिटल ऑसिलोस्कोप (थोडक्यात स्कोप, विजेचा सिग्नल स्क्रीनवर रेघेने दाखवणारं यंत्र) सिग्नलचे सॅम्पल घेतो आणि रेघांनी जोडून स्क्रीनवर दाखवतो, पण स्क्रीन म्हणजे ठिपक्यांची जाळी, त्यामुळे तिरकी रेघ पायऱ्यापायऱ्यांची दिसते. कॉलेजच्या लॅबमधे जुन्या स्कोपवर साइन वेव्ह लावली की चढावर करवतीसारखे दाते दिसायचे, अजून आठवतात. पेटंटचा अर्ज करणारे अलप्पट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी काय केलं, तर रेघेपासून ठिपका किती लांब त्यावरून त्याचा ब्राइटनेस ठरवला, जवळचा ठळक, लांबचा फिका, की डोळ्याला रेघ गुळगुळीत दिसते. आणि अर्जात त्यासाठी बॅरल शिफ्टर, रॉम अशी सर्किट्स दाखवली होती.

आता ते 'नवीन मशीन' वालं वाक्य. निकालात आहे, मान्य. पण जज रिच यांनी आधी अख्खा क्लेम (अर्जात नेमका कशावर हक्क मागितलाय तो भाग) बघितला आणि म्हटलं की ही हवेतली गणिती कल्पना नाही, उपयोगी आणि ठोस रिझल्ट देणारं ठराविक मशीन आहे. मेसेजमधे हेच गाळलंय! शिवाय निकाल एकमताचा नव्हता. चीफ जज आर्चर विरोधात होते, त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की नवी धून सीडीवर घातली म्हणून त्या सीडीला पेटंट मिळत नाही. मला हा मुद्दा आजही वजनदार वाटतो.

आणि 2014 मधे अ‍ॅलिस केसमधे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की अमूर्त कल्पना साध्या कॉम्प्युटरवर चालवली एवढ्याने ती पेटंटला पात्र होत नाही. म्हणजे 1994 चं ते एकच वाक्य घेऊन आज तिथेही काम भागत नाही.

राहिला भारत. अमेरिकन निकाल इथे बंधनकारक नाहीच, इथे पेटंट कायद्याचं कलम 3(के) आहे, त्यात कॉम्प्युटर प्रोग्राम 'पर से', म्हणजे नुसता प्रोग्राम म्हणून, वगळलाय. 2019 मधे दिल्ली हायकोर्टाने फरीद अलानी केसमधे सांगितलं की टेक्निकल इफेक्ट, म्हणजे प्रोग्राममुळे होणारा तांत्रिक परिणाम, दिसत असेल तर प्रोग्राम असूनही अर्ज तपासला पाहिजे. त्या मुलाला मी एवढंच विचारलं, तुझ्या अ‍ॅपमुळे मशीनमधे नक्की काय बदलतं? एजंटकडे जाण्याआधी तो आता तेच लिहून काढतोय.