हत्तीचं क्षेत्रफळ आणि बी विंगचे काका

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. वर 'लोक कशावरही पीएचडी करतात', खाली विषयांची यादी आणि प्रत्येक ओळीपुढे हसून हसून रडणारे पिवळे चेहरे. शेवटी नेहमीचं पालुपद: आपल्या टॅक्सच्या पैशांत! बी विंगच्या काकांनी लगेच अंगठा दिला. मेंटेनन्स कायम थकलेला असतो ते हेच काका. असो.

यादीत हत्ती होता. हत्तीच्या अंगाचं क्षेत्रफळ कसं काढायचं यावर केरळ कृषी विद्यापीठातल्या दोघांनी खरंच काम केलंय. 2002 मध्ये त्याला इग्नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं हे बक्षीस, पण आपली मंडळी पहिल्याच पायरीवर फतकल मारून बसतात. अहो, हत्तीला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता कातडीवाटेच बाहेर पडायची. मग कातडी किती, हे कळायला नको? खांद्यापर्यंतची उंची आणि पुढच्या पावलाचा घेर मोजला की त्यांच्या सूत्रात सगळ्या हत्तीचा हिशेब बसतो. नाहीतर टेप घेऊन हत्तीच्या पोटाखाली काका जाणार आहेत का?

एवढी चिडले, कारण मी कित्येक वर्षं कलिन्यात, मुंबई विद्यापीठाजवळ, प्रबंध टाइप करून घर चालवलंय. सकाळी मराठी, दुपारी केमिस्ट्री, रात्री कुणाचं तरी ग्रामीण पतपुरवठा. मार्जिन सोडा, शास्त्रीय नावं इटॅलिक करा, तळटीपा सरळ करा, मग काळं रेक्झिन आणि सोनेरी अक्षरं. निम्मं डोक्यावरून जायचं. पण बाकावर ताटकळत बसलेली माणसं दिसायची ना.

एकदा त्या बाकावर दोघं शेजारी बसले होते. एक बाई, ठाण्याच्या खाडीतल्या गाळातल्या किड्यांवर काम करणाऱ्या. ओहोटीला चिखलात उतरायचं, लोखंडी चौकट दाबायची, आतला गाळ उचलून चाळणीवर धुवायचा आणि उरलेले किडे भिंगाखाली जातवार मोजायचे. दुसरे एक सर, महानुभावांच्या पोथ्यांवर काम करणारे. सांकेतिक सकळ लिपीत लिहिलेल्या त्या पोथ्या ताडून पाठभेद मांडायचे. सरांनी जरा खवचटपणेच विचारलं, "मॅडम, किडे मोजून काय कळतं हो?" बाई म्हणाल्या, "घाण पाणी कुठे सोडलंय ते. काही जाती घाणीतच फोफावतात. तुमच्या अक्षरांवरून काय कळतं?" सर म्हणाले, "कुणी कुणाची पोथी उतरवली ते. एकाची चूक पुढच्या सगळ्यांत जाते." मग दोघांनी माझा कोरा कागद ओढला आणि हे पोथ्यांची वंशावळ काढतायत, त्या किड्यांची. मी माऊस धरून बघत राहिले.

कुठे चिखल, कुठे चक्रधरस्वामी! पण मोजणं तेच, शंका तीच.

दामोदर कोसंबी आठवा. टीआयएफआरमधले, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले गणिती. आहत, म्हणजे ठसे मारलेल्या प्राचीन नाण्यांचा क्रम लावायला त्यांनी नाणी तोलली, कारण हातोहात फिरलेलं नाणं झिजतं आणि हलकं होतं. त्यांनीच भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती काढली आणि जनुकशास्त्रात 1944 चं त्यांचं सूत्र अजून त्यांच्या नावानं चालतं. आमच्या ग्रुपनं यांनाही 'भाऊ एकावर फोकस करा' सांगितलं असतं.

कुलाब्याच्या वेधशाळेचं तर ऐकाच. 1859 मध्ये तिथली माणसं चुंबकाची सुई किती हलली हे डोळ्यांनी पाहून वहीत लिहीत होती. त्याच वर्षी 1 सप्टेंबरला इंग्लंडात कॅरिंग्टन नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला सूर्यावर झळाळी दिसली आणि दुसऱ्या दिवशी कुलाब्याची सुई बेफाम झाली. यांनी मुकाट्यानं तेही लिहिलं. 2003 मध्ये त्याच आकड्यांवरून संशोधकांनी त्या सौरवादळाचा जोर काढला. आज तसलं वादळ आलं तर उपग्रह आणि वीज यांचं काय होईल, याचा अंदाज बांधायला ते आकडे लागतात. त्या कारकुनाला तेव्हा कुणी विचारलं असेल, 'सुई बघून काय मिळतं रे?', तर तो काय सांगणार होता? पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्यांनी सुया बिघडतील, म्हणून चुंबकाचं काम 1904 मध्ये अलिबागला गेलं. आता बहुतेक पिकनिकवाले त्या वेधशाळेजवळून नुसतेच समुद्राकडे जातात.

हो, कचराही असतो. 'एक चिकित्सक अभ्यास' तसंच ठेवून फक्त तालुका बदललेले प्रबंध मीच टाइप केलेत. पुढे.

आणि 'उपयोग काय' हा प्रश्न नेमका कुणाला विचारतात बघा. रॉकेटवाल्याला नाही. ओव्या गोळा करणारीला, बेडूक मोजणाऱ्याला, चिखलात उतरणारीला. 1952 मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत असा रक्तगट शोधला की ज्याला ओ गटाचं रक्तही चालत नाही. जगभर त्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. मोजक्याच माणसांत सापडणारी गोष्ट, तीही फॉरवर्डात शोभली असती. पण त्या मोजक्यांपैकी एखाद्याला रक्त चढवायची वेळ आली म्हणजे?

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. काकांचाही मुलगा इंजिनिअरिंग सोडून इतिहास घेतो म्हणतोय, असं कानावर आलंय. त्याची धास्ती असेल.

किड्यांवाल्या बाई आता दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवतात, एक वाशीला, एक कल्याणला. पीएचडी होऊनही तासावर पैसे, तेही मिळतील तेव्हा. यावर कुणी फॉरवर्ड करत नाही. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. खाडीकाठच्या शाळांतल्या मुलांसाठी मराठीत छोटं पुस्तक करायचंय, गाळात कोण कोण राहतं यावर. टायपिंग मी फुकट करतेय. चित्रं काढणारं कुणी हवंय, किड्यांचे पाय नीट मोजून काढणारं. मानधन फार नाही. ओळखीत कुणी असेल तर इनबॉक्स करा.