‘डॉक्टर नसाल तर जागतिक आरोग्याच्या नादी लागू नका’ या सल्ल्याला उत्तर

निकालांच्या दिवसांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक सल्ला हमखास फिरतो. त्याचा गोषवारा असा, की जागतिक सार्वजनिक आरोग्य आणि स्त्री-पुरुष समानतेसाठीचे विकासकार्य हे डॉक्टरांचे क्षेत्र आहे. त्यातला बाईचा विषय अहवाल सजवण्यापुरता असतो. अमेरिकेने मदत थांबवल्यापासून तिथल्या नोकऱ्या संपल्या आहेत. आणि काही उरलेच असेल तर ते महानगरांतल्या इंग्रजी शाळांच्या मुलांसाठी आहे. हेतू काळजीचा असला तरी यातले पैशाचे विधान तेवढे अर्धे खरे आहे, बाकीची टिकणारी नाहीत.

डॉक्टरकीची अट लगेच निकालात काढता येते. जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालकपद २०१७ पासून सांभाळणारे टेड्रोस अधानोम घेब्रेयेसस हेच वैद्यकीय डॉक्टर नाहीत. त्यांची पहिली पदवी जीवशास्त्रातली आणि पीएचडी सामुदायिक आरोग्यातली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जबाबदारी सांभाळणारी मुंबईतील संस्था तर लोकसंख्याशास्त्राची आहे. रोग्यावर उपचार करणे डॉक्टरचेच काम, पण एखाद्या तालुक्यात तोच आजार पुन्हा पुन्हा का उद्भवतो हे शोधायला सांख्यिकी, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि कायदा जाणणारी माणसे लागतात.

बाईचा विषय सजावटीचा आहे, हे म्हणणे मात्र खान्देशातल्या माणसाने तरी करू नये. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या साडेआठशेच्याही खाली होती. ही घट कोणत्याही जंतूने घडवलेली नाही. सोनोग्राफीचे यंत्र दवाखान्यातच होते आणि लिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ पासून पुस्तकात होता. तरीही हे घडले, कारण निर्णय हुंडा, वारसा आणि म्हातारपणाचा आधार यांच्या हिशेबाने घरात होत होता. रक्तक्षयाचेही तसेच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये तो आढळला, आणि आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. लोहाच्या गोळ्या वाटूनही आकडा चढतो, तेव्हा घरात शेवटी कोण जेवते, लवकर लग्न झालेल्या मुलीची बाळंतपणे किती जवळजवळ होतात, आणि सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा वस्त्यांमध्ये सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी झाली आहे का, हे विचारावे लागते. गोळ्यांची मोजणी करणाऱ्या तक्त्यात या प्रश्नांसाठी रकानाच नसतो.

असे प्रश्न विचारल्याने काय घडते, याचे उदाहरण विदर्भात आहे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतील स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले, की ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही त्रास होता. तोवर ग्रामीण बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच गृहीत धरले जाई. आणि हा विषय फक्त बायकांचा आहे असेही नाही: २०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणानुसार देशात कुटुंबनियोजनासाठी स्त्री-नसबंदीवर अवलंबून असणाऱ्या जोडप्यांचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष-नसबंदीवर ०.३ टक्के असेल, तर पुरुषांनाही काही विचारायला हवेच. (या शस्त्रक्रियांपैकी पुरुषाची अधिक सोपी आहे, हे शिबिरांत सांगितले जातेच, ऐकायला पुरुष थांबत नाहीत.)

पैशाबाबतचा आक्षेप गंभीर आहे. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये परदेशी मदत गोठवली, त्या वर्षी १ जुलैला यूएसएड या अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत संस्थेचे काम अधिकृतपणे थांबले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२६-२७ चा अर्थसंकल्प सुमारे २१ टक्क्यांनी कमी करून ४.२ अब्ज डॉलरवर आणला. अनेक अनुभवी माणसे घरी बसली. परंतु यावरून क्षेत्र संपले असा निष्कर्ष निघत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा महाराष्ट्रातला खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० प्रमाणात उचलतात. तो वॉशिंग्टनच्या मर्जीवर चालत नाही. मात्र त्यातल्या बहुतेक नोकऱ्या कंत्राटी आहेत, आणि ही खरी अडचण सल्ला देणारे सांगत नाहीत. मी मुलांना तीच आधी सांगेन.

राहिला इंग्रजीचा आणि गावाचा मुद्दा. इंग्रजी लागतेच, कारण अहवाल त्याच भाषेत लिहिले जातात. पण ती पदवीनंतरही कमावता येते. अक्कलकुवा किंवा धडगावच्या पाड्यावर गरोदर बाई दवाखान्यात का आली नाही, हे तिच्याच बोलीत विचारून समजून घेणे मात्र दोन महिन्यांच्या प्रशिक्षणाने येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांमध्ये राष्ट्रीय अधिकाऱ्यांच्या जागा त्या-त्या देशाच्या नागरिकांसाठीच असतात, आणि तिथे अशा अनुभवाला किंमत असते. परदेशी शिक्षणासाठी अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शासकीय शिष्यवृत्त्या आहेत. त्या मिळत नसतील, तर कर्ज काढून लंडनला जाण्याआधी एखाद्या आरोग्य प्रकल्पात दोन वर्षे काम करावे आणि भारतातच सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घ्यावी. कंत्राटी पगारावर लाखोंचा हप्ता फेडणे झेपणारे नाही.